अर्ज क्रमांक एकेचाळीस

टालिनमधल्या त्या खोलीत हीटर जरा जास्तच तापला होता.
आम्ही पाचजण, गार होत चाललेली कॉफी,
आणि एकेचाळिसावा अर्ज माझ्या वाट्याला:
लेलो कूसिक, रसायनशास्त्र, कोह्टला-यार्वे.
विषय: जळत्या दगडाच्या राखेतून चुना परत मिळवणे.

रकाना सात. तीन वर्षांत अपेक्षित फलित काय?
तिनं आधी लिहिलं होतं: ठाऊक नाही.
मग कुणीतरी समजावलं असावं.
त्यावर लाल रेघ, आणि पुढे
‘प्रायोगिक स्तरावर सिद्धता’.
रेघेखालचं पुसायचं राहून गेलं होतं.
मी दोन्ही वाचलं.

शेरा दिला: उद्दिष्ट संदिग्ध.
दहापैकी साडेसहा.
पैशांची रेषा सातवर होती.

मे महिन्यात समितीला सहल असते.
बसमधून उतरलो तर समोर डोंगर,
या सपाट देशात डोंगर!
अर्कादी म्हणाला, हा मी केलाय.
एकट्यानं नाही, पण एकतीस वर्षं पाळीवर होतो.
दोन गाड्या दगड जाळला की जवळजवळ एक गाडी राख.
वीज तुमच्याकडे गेली, राख आमच्याकडे राहिली.
तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही.
आता निवृत्त आहे, तरी रोज येतो,
राखेची राखण करायला.

डोंगराच्या पायथ्याशी तळं,
इतकं निळं की हात घालावासा वाटतो.
घालू नका, अर्कादी म्हणाला,
आधी साबणासारखं बुळबुळतं,
मग कातडी सोलते.
माझी आजी लाकडाच्या राखेच्या पाण्यात
चादरी भिजत घालायची.
तिची बोटं आठवली, नखांपाशी फाटलेली.

प्रयोगशाळा म्हणजे बंद पडलेल्या शाळेचं स्वयंपाकघर.
काकड्या खारवायची पिंपं, माशांच्या टाकीचा पंप,
वर्तमानपत्राखाली वाळत घातलेलं काहीतरी.
लेलो बोलत होती, भरभर, आमच्याकडे न बघता:
राख धुवायची, त्या पाण्यात
चिमणीतून निसटतो तोच वायू सोडायचा.
चिमणी कुणी देत नाही, म्हणून सिलिंडर.
सिलिंडर संपला की थांबायचं.
बुडबुडे वर येत होते,
पाणी आधी धुरकट झालं,
मग दुधासारखं.
कुणी काही बोललं नाही.
आमच्यातल्या एकानं फोटो काढला.

निघताना तिनं मला बाजूला घेतलं.
‘संदिग्ध’ हे तुम्हीच लिहिलंत ना?
मी म्हणालो, शेरे निनावी असतात.
ती म्हणाली, हो, तेही लिहिलं होतं खाली.
मग हसली, थोडीशीच.
म्हणाली, मला खरंच ठाऊक नाही हो.
ठाऊक असतं तर कारखान्याकडे गेले असते,
तुमच्याकडे कशाला?

अर्कादीनं औषधाच्या सिरिंजमध्ये भरून
पांढऱ्या भुकटीचे खडू पाडले होते.
वर्गातला फळा अजून भिंतीवर होता.
त्यानं काहीतरी लिहायला घेतलं,
खडू कर्रकन ओरडला आणि मोडला.
अजून कच्चा आहे, तो म्हणाला,
कच्च्या भाकरीबद्दल म्हणावं तसं,
आणि उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.
बसमध्ये कोटाच्या खिशात बोटं गेली की पांढरी.

यंदा अर्ज क्रमांक सतरा.
रकाना सात: ठाऊक नाही.
यावेळी रेघ नाही.

वाचण्याआधी आम्हाला एक कागद भरावा लागतो.
अर्जदाराकडून आपण कधी काही स्वीकारलं आहे का?
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
तुकडा टेबलाच्या खणात आहे,
सगळ्या पावत्यांवर त्याची पूड सांडलेली.
‘नाही’ लिहिलं तर सात देऊ शकतो.
आठही.

मी लिहिलं: होय.
एक खडू. दोन इंच. मोडलेला.
कागद सचिवांकडे गेला,
अर्ज दुसऱ्या कुणाकडे तरी.
बाहेर बर्फ भुरभुरत होतं,
आणि खोलीत हीटर चालू होता,
कुठून आलेल्या विजेवर,
ते मला आता ठाऊक होतं.